गवताची शिकवणी

सखू : ए पोरी, थांब! माज्या म्हशीच्या तोंडचं गवत कापतेस, पिशवीत भरतेस, वर पिशवीला चिठ्ठी पन बांधतेस. चाललंय काय तुजं?

बुशरा : सॉरी मावशी, आधी विचारायला हवं होतं. जमिनीवर ठेवलेल्या ह्या चौकटीत येतं तेवढंच घेते. ऑफिसात नेऊन वाळवायचं आणि वजन करायचं.

सखू : वालवायला ऑफिसात नेतात? इथंच ठेव. दोन महिन्यांत आपोआप वालंल. कोनाची गं तू?

बुशरा : तळोज्याची. नजीब मुकादमांची मुलगी. बुशरा.

सखू : कापडवाल्या नजीबभाईची? अगं, तुज्या आजीला, बतूलबीला, मी वीस वर्सं दूध घातलंय! मंग उभी काय ऱ्हायलीस परक्यासारखी? बस त्या दगडावर. आनि आता नीट सांग. तुज्या घरी तर शेलीसुद्दा नाय. गवत कशाला?

बुशरा : मी बेलापूरला एका प्रोजेक्टवर आहे. आकाशातून उपग्रह जातो ना, तो जमिनीची चित्रं काढतो. त्या चित्रावरून कॉम्प्युटरनं सांगायचं, कुठल्या माळावर किती चारा आहे. मग माणसाला डोंगर-डोंगर फिरावं लागणार नाही.

सखू : आनि डोंगर-डोंगर फिरल्याबिगर तुज्या त्या कॉम्प्युटरला कलनार कसं?

बुशरा : म्हणून तर मी फिरतेय. थांबा, दाखवते. हे बघा, हे गेल्या ऑक्टोबरचं चित्र. ही रेल्वेलाइन, हा कारखान्यांचा भाग, आणि हा तुमचा डोंगर.

सखू : अगं बया! ह्यो आमचा डोंगर? रगतासारका लाल? वनवा लागला व्हता का तवा?

बुशरा : नाही हो. जिथं लाल दिसतंय तिथं पाला आहे, गवत आहे. आपल्या डोळ्यांना दिसत नाही असा एक उजेड असतो, पानं तो जोरात परत फेकतात. उपग्रहाला तो दिसतो. आपल्याला कळावं म्हणून आम्ही त्याला लाल रंग देतो.

सखू : हिरव्याला लाल रंग देता आनि म्हनता कलावं म्हनून. बरं, पुढं सांग.

बुशरा : आता हा दुसरा कागद बघा. हा कॉम्प्युटरनं काढलेला नकाशा. पिवळा म्हणजे बरा चारा, गडद हिरवा म्हणजे एक नंबरचा. हा मोठा हिरवा पट्टा दिसतोय ना, ओढ्याच्या पलीकडं...

सखू : थांब, थांब. ओढ्याच्या पलीकडं, दोन वडांच्या मधी? तिथं एक नंबरचा चारा हाय म्हनतो तुजा कॉम्प्युटर?

बुशरा : हो. हसताय का?

सखू : अगं, तिथं टाकला हाय, टाकला! कमरंएवढा. म्हस त्याला तोंड लावीत नाय. वासानंच पाठ फिरवते.

बुशरा : टाकळा? आपण भाजी करतो तो?

सखू : त्योच. पावसाच्या तोंडाला कवला असतो तवा आपन खातो. मानसं खातात, म्हस खात नाय. तुज्या कॉम्प्युटरनं आता तुलाच चरायला पाठवायचं त्या पट्ट्यात!

बुशरा : हसू नका ना, मावशी. या अल्ला. तो पट्टा केवढा मोठा आहे! म्हणूनच शंभरातली एकसष्टच उत्तरं बरोबर येतात त्याची. मला वाटत होतं माझंच काहीतरी गणित चुकतंय.

सखू : गनित नाय चुकलं. तू त्याला टाकला दाखवला व्हतास का कवा?

बुशरा : नाही. मी रस्त्याच्या कडेनं गवताचेच नमुने घेतले. तेच त्याला दिले. तो नमुने बघून शिकतो. उत्तर देतो, चुकतो, चूक दाखवली की पुन्हा देतो. असं हजारो वेळा.

सखू : मंग त्याचा काय दोष? लहान पोराला नुसता आंबाच दाखवलास, तर ते चिंच बघून पन आंबाच म्हननार. त्याला चिंच दाखव की.

बुशरा : आमच्या नंदिनी मॅडमनी पुस्तकातून हेच समजवायला मला दोन दिवस लावले होते. मावशी, तुम्ही याल माझ्याबरोबर? काय गवत आणि काय नाही, तेवढं सांगायला?

सखू : मी कशाला येऊ तुज्याबरोबर? मला सात म्हशी हायत. तू ये माज्याबरोबर. आनि ती सँडल घालून येऊ नको.

*

धर्मराज : आय, ही कोण मॅडम? तीन आठवडे झाले, गावात सगळे विचारतात. सखूबाईनं नवीन गुराखीण ठेवली काय?

सखू : ही माजी शिष्यीन. नजीबभाईची बुशरा. पोरी, ह्यो माजा धर्मराज. खडी-रेती पुरवतो बिल्डरांना. सांग त्याला, आज काय शिकलीस.

बुशरा : नमस्कार दादा. आज सदतिसावी जागा झाली. उतारावर पवन्या, हा सगळ्यात चांगला, म्हशी आधी ह्याच्याकडं धावतात. त्याच्या खाली कुसळी गवत, हे कुसळं यायच्या आत चारायचं, नंतर तोंडाला टोचतं. नाल्याकडं लव्हाळा, दिसायला हिरवागार पण पोटाला काही नाही. आणि हा टाकळा.

सखू : टाकला म्हंजे?

बुशरा : म्हंजे चिंच.

सखू : बघ! पास झाली.

धर्मराज : बरं आहे तुमचं. पण मॅडम, एक बोलू? राग मानू नका. आयला हे सगळं गोड वाटतंय, पण फालतू आशा नका लावू तिला. म्हशी पौषात जाणार आहेत. भिवंडीच्या माणसाशी माझं बोलणं झालंय.

बुशरा : जाणार म्हणजे? मावशी, तुम्ही बोलला नाहीत.

सखू : त्यात काय बोलायचं? जानार तवा जानार.

धर्मराज : स्टेशनकडच्या सगळ्या प्लॉटना तारेची कुंपणं पडली. कारखान्याच्या मागचा माळ गेला. उरला हा एक उतार, तो पण जानेवारीत संपतो. मग ही सकाळी सहाला निघते, दुपारी दोनला येते, पायाला सूज. गेल्या साली घसरून पडली. मी साइटवर, फोन आला तेव्हा माझी काय हालत झाली, मलाच माहीत. मी काय दुश्मन आहे का तिचा?

सखू : तू दुश्मन नाय रं. पन घरी बसून मी करू काय? टीव्हीला पानी दाखवू?

बुशरा : दादा, जवळपास चारा असता तर?

धर्मराज : असता तर मग भांडणच नव्हतं. पण नाय ना. हा सगळा एरिया मी डंपरनं पालथा घातलाय. जिथं जिथं रिकामी जागा आहे ती मला पाठ आहे.

बुशरा : मला डिसेंबरपर्यंत वेळ द्या. ह्या ऑक्टोबरचं नवीन चित्र हैदराबादच्या उपग्रह केंद्राकडून यायचंय. सखूमावशींनी दाखवलेल्या जागा घालून कॉम्प्युटरला पुन्हा शिकवते. काय निघतंय बघू.

धर्मराज : भिवंडीवाला अकरा जानेवारीला येतोय, रविवारी. तोपर्यंत काय करायचं ते करा. माझं काय जातंय?

*

सखू : पोरी, चप्पल इथंच काढू? केवढा गार वारा सोडलाय गं आत. कुनाला ताप हाय का?

बुशरा : कॉम्प्युटरसाठी आहे तो एसी. या, बसा ह्या खुर्चीवर. हळू, ती फिरते. मावशी, ऐका. मी तुम्हाला बेलापूरला एवढ्या लांब बोलावलं, कारण मला राहवलंच नाही. आधी हा पट्टा बघा, दोन वडांच्या मधला.

सखू : हिरवा नाय. राखाडी दिसतोय.

बुशरा : राखाडी म्हणजे चाऱ्याचा नाही. टाकळा ओळखला त्यानं! सगळीकडचा ओळखला. लव्हाळ्याला अजून कुठंकुठं फसतो, पण शंभरात शहाऐंशी बरोबर. एकसष्टवरून शहाऐंशी! नंदिनी मॅडम खुर्चीतून उठल्या. बारा जानेवारीला दिल्लीची माणसं प्रोजेक्ट बघायला येणार आहेत. ऐंशीच्या खाली असतो तर त्यांनी बंदच केला असता, आणि अब्बांनी मला पनवेलच्या शाळेत शिक्षिका म्हणून चिकटवलं असतं.

सखू : म्हंजे पोर पास झालं. पेडं कुठं हायत?

बुशरा : पेढे नंतर. आता ही मुख्य गोष्ट. गावापासून तासाभराच्या आत, चांगला चारा, आणि जिथं तुम्ही मला नेलं नाहीत, अशा जागा मी त्याला शोधायला सांगितल्या. त्यानं तीन दाखवल्या. ही कारखान्यांजवळ. ही नाल्याच्या वळणावर. आणि ही सगळ्यात मोठी, डोंगराच्या पोटात.

सखू : ही? ही तर जुनी दगडखान.

बुशरा : खाणीच्या मागं, मावशी. हा पांढरा भाग म्हणजे खाण. त्याच्या पलीकडं बघा, वाटीसारखी जागा आहे. पवन्या सांगतोय तो. आठ-नऊ हेक्टर तरी, म्हणजे तुमचा आत्ताचा उतार आहे ना, त्याच्या तिप्पट.

सखू : मी नवी नवरी व्हते तवा सासूसंगं गेले व्हते तिकडं. मंग खान सुरू झाली, सुरुंग लागायचे, वाट मोडली. मला वाटलं सगलंच खनून नेलं असंल. तीस वर्सं झाली गं. खरंच ऱ्हायलं असंल?

बुशरा : कॉम्प्युटर म्हणतो, राहिलंय. पण तो चुकतो पण. शंभरात चौदा वेळा.

सखू : मंग जाऊन बघू. धर्मराजला पन घेऊ. नायतर म्हननार, दोघींनी घरी बसून गोष्ट रचली.

*

धर्मराज : मॅडम, उद्या भिवंडीवाला येतोय आणि आज तुम्ही मला कुठं आणलंत? हे बघा. कंपनीचं गेस्टहाऊस. हे लॉन आहे, लॉन! माळी पाणी मारतोय.

बुशरा : गवत तर आहे ना, दादा.

धर्मराज : आहे की. वॉचमन पण आहे.

सखू : कॉम्प्युटर खोटं नाय बोलला. गवत हाय. पन म्हशीला गेटपास कोन देनार?

धर्मराज : आणि मघाचा तो नाला? तिथं काय निघालं?

बुशरा : लव्हाळा.

धर्मराज : लव्हाळा आणि गटाराचं पाणी. माझी पँट बघा. दोन झाल्या, दोन्ही फेल. आय, चल घरी. ऊन वाढतंय.

सखू : तिसरी ऱ्हायली.

धर्मराज : तिसरीकडं खाण आहे! चार वर्षं मी तिथनं दगड उचललाय. खड्डा, खड्ड्यात पाणी, पाण्यात बेडूक. विषय खलास. मॅडम, तुम्हीच सांगा हिला.

बुशरा : मला आता काही सांगता येत नाही, दादा. दोन चुकल्या, तिसरी पण चुकेल कदाचित. परवा त्या दिल्लीच्या लोकांसमोर मी काय बोलणार, मला कळत नाहीये. मावशी, तुमचे पाय दुखत असतील तर राहू दे.

सखू : पोरी, डोलं पूस. म्हस पयल्यांदा व्याली की तिला पन कलत नाय, पोराला कुठनं चाटावं. दोनदा चुकते, तिसऱ्यांदा बरोबर चाटते. धर्मराज, जीप काढ.

धर्मराज : आय, तू ना...

सखू : काढ म्हनते ना.

*

धर्मराज : हे बघा, खाण. आणि हे दगड. आठ आहेत. एकेक दगड माझ्या डंपरएवढा. ह्याच्या पुढं वाट नाय.

बुशरा : नकाशात वाट इथूनच आहे. ह्या दोन दगडांच्या फटीतून दिसतंय काही?

धर्मराज : फटीतून उजेड दिसतोय. थांबा, तुम्ही नका घुसू, सुटी खडी आहे. मी जातो पुढं. आय, तू तिथंच उभी राहा.

सखू : संबाल रं बाबा.

बुशरा : दादा? काय आहे तिकडं? दादा, बोला ना!

सखू : धर्मराज! साप हाय काय?

धर्मराज : नाय. आय, तू ये. हात दे इकडं. हळू, पाय इथं ठेव. मॅडम, तुम्ही पण या. आय... बघ.

(वाऱ्यानं वाळलेलं गवत सळसळतं.)

सखू : पवन्या.

बुशरा : सगळा?

सखू : सगला. ह्या दगडापासून त्या कातलापर्यंत. बघ, माज्या कमरंला लागतोय. वालला, पन उभा वालला, कुनी तुडवला नाय. आनि तो झरा बघ, झरा! सासू तिथं हंडा भरायची. अगं बुशरा, अगं माजे बाय! इकडं ये, तुला कडकडून भेटते!

बुशरा : मावशी, श्वास कोंडतोय माझा! मावशी! खरंच आहे. कॉम्प्युटर म्हणाला तसंच आहे. वाटीसारखं, आणि डावीकडं ती झाडांची रांग. मी कागदावर किती वेळा बघितलं होतं हे!

सखू : धर्मराज, तू का बसलास खाली? चक्कर आली?

धर्मराज : ते दगड मी टाकलेत, आय.

सखू : कुठले?

धर्मराज : तेच आठ. खाण बंद केली तेव्हा मालक म्हणाला, तोंड बुजव, कुणाची गुरं पडतील खड्ड्यात. मी एका दुपारात टाकले आणि निघून गेलो. पाठीमागं काय आहे ते मान वळवून बघितलं पण नाय. आणि तुला सांगत होतो, सगळा एरिया मला पाठ आहे.

सखू : गुरं पडू नयेत म्हनूनच टाकलेस ना? मंग बरोबर केलंस. म्हनून तर गवत ऱ्हायलं. उघडं असतं तर कवाच संपलं असतं.

धर्मराज : दोन तासांचं काम आहे. उद्या जेसीबी आणतो. दगड खड्ड्याच्या कडेला रांगेनं लावतो, म्हणजे कठडा होईल, म्हशी पण सेफ. इथून घर पंधरा मिनिटं. मॅडम, मोजा तुमच्या नकाशावर.

बुशरा : सव्वा किलोमीटर.

धर्मराज : मग पंधरा मिनिटंच. आय, भिवंडीवाल्याला आज संध्याकाळीच फोन टाकतो, येऊ नको म्हणून. पण एक अट. सात नाय. तुझे गुडघे बघ. चार ठेवू.

सखू : सात.

धर्मराज : आय, तू भाव करतेस काय?

सखू : सहा.

धर्मराज : पाच. आणि बाकीच्या दोन विकायच्या नाय. आपली शालन सासरहून, सारसोळ्याहून, कधीची मागतेय दुभती म्हस. तिला देऊ दोन्ही. आपल्या घरातच राहतील.

सखू : शालनला का? मंग पाच चालंल. पोरी, तू साक्षी हायस.

*

बुशरा : मावशी! मावशी, कुठं आहात? पेढे आणलेत!

सखू : इकडं ये, झऱ्याकडं. अगं, किती धावतेस! आनि आज सँडल नाय. शानी झालीस. सांग, काय म्हनाली दिल्लीची मानसं?

बुशरा : आणखी दोन वर्षं दिली! निम्म्या रायगड जिल्ह्याचा नकाशा करायचाय आता. आणि मी लॉन आणि लव्हाळा, दोन्ही सांगितलं. लपवलं नाही. नंदिनी मॅडम म्हणाल्या होत्या, चुका आधी सांग. तर त्यांच्यातले मोठे साहेब हसले आणि म्हणाले, तिसऱ्या जागेचं सांगा.

सखू : मंग?

बुशरा : मग मी सांगितलं. सगळं, दगडांसकट. त्यांनी माझी वही मागितली. प्रत्येक पानावर लिहिलेलं होतं, 'सखू म्हणाल्या, म्हैस खाते', 'सखू म्हणाल्या, खात नाही'. साहेब म्हणाले, ह्या सखू कोण, कुठल्या विद्यापीठाच्या?

सखू : अगं बाय! तू काय बोललीस?

बुशरा : म्हटलं, पेंढर गावाच्या बाजूच्या डोंगरावरच्या. आता अहवालात तुमचं नाव आहे, मावशी. पहिल्याच पानावर, मॅडमच्या खाली.

सखू : नाव? माजं? पुरं नाव?

बुशरा : सखू ज्योतिबा पाटील. धर्मराजदादांना विचारून लिहिलं.

सखू : मला म्हनाला पन नाय. लबाड. काल इथं आला व्हता, साइट सोडून. एक तास बसला, म्हशींकडं बघत. मी म्हटलं, काम नाय काय? म्हनाला, टेन्शन नको घेऊ आय, आज सुट्टी. त्याच्या जन्मात त्यानं सुट्टी घेतली नाय.

बुशरा : मावशी, किती वाजले? साडेदहा होत आले. वर बघा.

सखू : काय हाय वर?

बुशरा : चोवीस दिवसांनी उपग्रह परत ह्याच जागेवरून जातो. आज त्याचा दिवस आहे. आत्ता ह्या घटकेला जात असेल.

सखू : दिसत तर काय नाय.

बुशरा : आपल्याला नाही दिसणार. फार उंच असतो.

सखू : पन त्याला आपन दिसतो? ह्या म्हशी दिसतील त्याला?

बुशरा : नाही, मावशी. एवढं बारीक नाही दिसत त्याला. फक्त पुढच्या चित्रात इथलं गवत थोडं कमी झालेलं दिसेल. साहेब विचारतील, चांगला चारा होता, कमी कसा झाला?

सखू : मंग लिव की तिथं. म्हनावं, पाचजनी पोटभर जेवल्या.